मु. पो. पळसदेव, व्हाया डब्लिन

माणूस आपला की परका हे ठरवायला आमच्याकडे दोन मिनिटं लागतात. पळसदेवच्या स्टँडवर एसटीतून अनोळखी पोरगं उतरलं, की टपरीवरचं कुणीतरी चहाचा कप खाली न ठेवता विचारतं, "कुणाचा रं तू?" पोरगं बापाचं नाव सांगतं. तेवढ्यानं ओळख पटली नाही तर पुढचा प्रश्न येतो, "कुणाच्यातला?" मग आजोबांचं नाव निघतं, आळी निघते, फारच अडलं तर आजीचं माहेर निघतं. कुठंतरी धागा लागतो आणि निकाल जाहीर होतो, "आरं, मग तू आपलाच की!" या निकालावर अपील नाही, त्याला फी नाही, वर चहा फुकट.

या सगळ्या चौकशीत एक प्रश्न कधी येत नाही. तुझा जन्म कुठं झाला, हे कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. जन्मलेल्या जागेवरून माणूस ठरवायचा म्हटला, तर गावातली थोरली पोरं करमाळ्याची, कर्जतची, नाहीतर दौंडची निघतील, आणि सरपंचसुद्धा मामाच्या गावाला जमा करावा लागेल. पळसदेवची म्हणून धाकटी तेवढी उरतील. भावाभावांत भांडायला आधीच पुष्कळ विषय आहेत, त्यात हा नको.

देशांचं मात्र असं भागत नाही. माणूस मातीवरून ओळखायचा की रक्तावरून, यावर प्रत्येक देशानं कधीतरी डोकं खाजवलं आहे. अमेरिकेनं १८६८ साली घटनेत दुरुस्ती करून माती पत्करली, आणि २०२५ च्या जानेवारीत तिच्याच अध्यक्षांनी त्या मातीवर कुंपण घालणारा हुकूम काढला, तेव्हा लगोलग कोर्टात खटले उभे राहिले. जपान रक्तावर चालतो. आखातात तर कितीही वर्षं राहा, कितीही पोरं होऊ देत, नवरा-बायको दोघंही भारतीय असतील तर पोरं तिथली होत नाहीत. आपण सुरुवात मातीपासून केली आणि हळूहळू रक्ताकडं सरकत गेलो. हे सगळं मला तोंडपाठ असण्याचं कारण माझी पुतनात. ती डब्लिनला जन्मली.

पुतण्या तिकडं संगणकाच्या नोकरीला आहे. बाळ झालं, पेढे इकडं वाटले, आणि बाराव्या दिवशी मोबाइल पाळण्याजवळ धरून बारसंही उरकलं. वहिनी, म्हणजे बाळाची आजी, खुशीत होती, पण मनात एक खडा होता. शेवटी तिनं तो बोलून दाखवला. "पोरगी तिकडचीच झाली म्हणायची आता." गावात सगळ्यांचा हाच समज. विमानानं गेलेल्याला तिथं पोर झालं की ते गोरं जरी झालं नाही तरी तिकडचं होतं.

पुतण्या म्हणाला, "नाही आई, आयर्लंडमध्ये आता तसं नसतं. आईबापांपैकी एकानं जन्माआधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं तिथं रीतसर काढलेली लागतात. आम्हाला दोनसुद्धा झाली नाहीत."

वहिनीचा चेहरा उजळला. "मग आपलीच की!"

"आपोआप आपलीही नाही. इथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. वर्षाच्या आत."

वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि फोनकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "भाऊजी, म्हंजे पोरगी आत्ता बिनदेशी हाय?"

प्रश्न माझ्याकडं यायला कारण होतं. मी नोकरीभर ग्रामसेवक होतो. जन्ममृत्यूचं रजिस्टर माझ्या कपाटात असायचं. १९६९ च्या कायद्याप्रमाणं २१ दिवसांत नोंद करायची, त्यानंतर आलं तर विलंबशुल्क, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. लोक एकविसाव्या दिवशी संध्याकाळी यायचे, आणि तेव्हाही मुलाचं नाव ठरलेलं नसायचं. आमच्या आधीच्या काळात हे काम कोतवालाकडं होतं. गाव नमुना १४, कोतवाल बुक. परवापरवापर्यंत त्या वह्यांकडं वाळवीशिवाय कुणी ढुंकून बघत नव्हतं. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि लोक मोडी वाचणारा माणूस सापडेल का म्हणून माझ्या दारात येऊ लागले. पणजोबाच्या नावापुढं कोतवालानं काय लिहिलं होतं, यावर पणतूची फी माफ होणार होती. तेव्हा रक्ताचा कागदोपत्री पुरावा काय चीज असते हे मला डब्लिननं शिकवायची गरज नव्हती.

तरी वहिनीच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण कायद्याची भाषा खरंच तशी आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल, आई किंवा बाप भारतीय असला तरी, वकिलातीत नोंद झाल्याशिवाय भारताचं नागरिक होत नाही. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी. शिवाय आईबापांनी लिहून द्यायचं, की या बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. त्या तारखेआधी अशी नोंद न करताही पोर भारतीय व्हायचं. बापच परदेशात जन्मलेला असेल तेव्हा तेवढी नोंद लागायची. दुसऱ्या पिढीपर्यंत धागा तुटू नये आणि तो उगाच लांबतही जाऊ नये, असा त्यात हिशेब.

मी वहिनीला म्हणालो, "बिनदेशी नाही. अर्ज प्रलंबित आहे असं समज." ग्रामसेवकाला याहून हळवं बोलता येत नाही.

आता या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली तारीख. १० डिसेंबर १९९२. त्याच्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व मिळायचं ते फक्त बापाकडून. बाप परका आणि आई पळसदेवची असेल, तर पोर परकंच. आईनं नऊ महिने वागवलं, बाळंतपणाच्या कळा सोसल्या, अंगाई मराठीत म्हटली, तरी देशाच्या लेखी तिच्याकडून द्यायला काही नव्हतं. टपरीवरचा कायदा या बाबतीत पुढारलेला म्हणावा तर तसंही नाही. तिथं आईचं नाव शेवटी निघतं, आणि निघालं तरी निकाल जरा वेगळा लागतो: "लेकीचं लेकरू हाय व्हय! मग पाव्हणाच की." पाव्हण्याला चहा मिळतो, पाट मिळतो, हिस्सा मिळत नाही.

१९९२ साली देशानं आईलाही देशाची वाट दाखवायचा हक्क दिला. आणि दोनच वर्षांनी, २२ जून १९९४ पासून, महाराष्ट्रानं वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीनं वाटा दिला. बाकीच्या बऱ्याच देशाला त्यासाठी २००५ उजाडावं लागलं. पासपोर्टही आईकडून येऊ शकतो आणि सातबाराही, हे दोन वर्षांत ठरलं. पहिल्या गोष्टीबद्दल गावात कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल अजून भाऊबिजेला बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. देश द्यायला भावांची ना नाही. तो काही त्यांच्या बांधाला लागून नसतो.

डब्लिनचा विषय निघाला की पुतण्या एक नाव हमखास काढतो, आणि तेही कोकणातलं. लिओ वराडकर १९७९ साली त्याच शहरात जन्मले. वडील डॉक्टर, घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. आई आयरिश, परिचारिका. त्या काळी आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेलं पोर जन्मताच आयरिश व्हायचं, आईबाप कुणी का असेनात. २०१७ साली वराडकर तिथले पंतप्रधान झाले. २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबासकट वराडला आले आणि गावानं वाजतगाजत त्यांचं स्वागत केलं. त्यांच्या खिशातला पासपोर्ट कुठल्या रंगाचा, हे विचारायची गरज कुणाला वाटली नसणार. आजोबांचं घर दिसत होतं, आडनावात गाव होतं, धागा लागला होता.

पण वराडकरांच्या जन्मानंतर आयर्लंडनं आपली माती राखायला घेतली. ११ जून २००४ रोजी सार्वमत झालं. सुमारे ७९ टक्के लोकांनी कौल दिला, की नुसतं इथं जन्मून भागणार नाही. २००५ च्या एक जानेवारीपासून नवा नियम लागू झाला. म्हणजे एकाच वर्षात इकडं आपण म्हणालो, परदेशात जन्मलेल्या पोराची नोंद केल्याशिवाय ते आमचं नाही, आणि तिकडं ते म्हणाले, इथं जन्मलं म्हणून ते आमचं नाही. दोन देशांत पत्रव्यवहार झाला असेल असं नाही, पण आमच्या पुतनातीला मधल्या फटीत पाळणा बांधायला एवढं पुरलं.

वहिनीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला, "म्हंजे वीस वर्सं उशिरा जन्मली व्हय पोरगी. न्हायतर पंतप्रधान झाली असती."

हा घोळ आपल्याकडं आजचा नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीसमोर नागरिकत्वाची कलमं आली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी सरळ सांगितलं होतं, की एक कलम सोडलं तर मसुदा समितीचं डोकं इतकं दुसऱ्या कुठल्याही कलमानं उठवलेलं नाही. आंबेडकर असं म्हणतात तेव्हा ग्रामसेवकानं स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. त्या चर्चेत त्यांच्यासमोर उभे राहिलेले एक जण होते अमरावतीचे पंजाबराव देशमुख. पुढं देशाचे कृषिमंत्री झाले ते. स्वतः एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले, त्यामुळं परक्या मुलखात राहणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक. त्यांची तक्रार अशी होती, की हा मसुदा भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त करून ठेवतोय. उदाहरण दिलं ते झकास. एखादं परदेशी जोडपं प्रवासात मुंबईला काही तास टेकलं आणि बाईंना नेमक्या तिथंच कळा आल्या, तर ते पोर भारतीय म्हणायचं का?

मला त्या बाईंची फार काळजी वाटते. आठ-नऊ महिन्यांची गरोदर बाई तेवढ्यासाठी मुंबईत थांबून बाळंत होईल, हा धोका देशाला कितपत होता ते बघा. पण विदर्भातल्या माणसाला मुंबई म्हणजे लोक उतरायच्या घाईत काय वाट्टेल ते करतात अशी जागा वाटत असेल, तर तेही समजण्यासारखं आहे. समितीनं तेव्हा पंजाबरावांचं ऐकलं नाही. पण देशानं पुढं ऐकलं. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या पोराचा आई किंवा बाप भारतीय लागू लागला, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, नाहीतर एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसलेला, अशी अट आली. मुंबईत टेकलेल्या त्या बाईंचं बाळ आज जन्मलं असतं तर परत विमानात बसताना काही घेऊन गेलं नसतं, टोपडं-झबलं सोडून.

माझ्या कागदांची गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या प्रत्येक दाखल्यावर जन्मतारीख १ जून. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांची हीच तारीख. ही काही त्या वर्षी पळसदेवच्या पाण्यात असलेली करामत नव्हे. शाळेत नाव घालायला पोर आणलं, जन्माची तारीख विचारली आणि आईनं "पोळ्याच्या आधल्या अमावस्येला" असं सांगितलं, की गुरुजी वयात बसणारा १ जून लिहून मोकळे व्हायचे. आजही महाराष्ट्रात १ जूनला शुभेच्छांचा जो पूर येतो तो पावसाचा नव्हे, गुरुजींचा आहे. तारीख गुरुजींनी दिली, पण जन्मस्थळ तरी खरं होतं. पळसदेव. फक्त ते आता पाण्याखाली आहे.

आम्ही जन्मलो ते गाव भीमेच्या काठाला होतं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, पण त्याआधीच पाणी चढत आलं होतं. गाव उचलून पुणे-सोलापूर हायवेच्या बाजूला वर आलं. सोबत नाव आणलं, भावकी आणली, भांडणं आणली. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ मागं राहिलं. पाणी भरपूर असलं की त्याचं शिखर तेवढं वर डोकं काढून असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ बाहेर येतं, वीरगळ उघडे पडतात, आणि पुण्याहून लोक फोटो काढायला येतात. मासेमारीच्या होड्या मग माणसं वाहायला लागतात.

उजनीचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या, साधारण ५३ टीएमसी वापरण्याजोग्या पाण्याची. त्यामुळं शून्य टक्के म्हटलं तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि तेही उपसलं की उजनी "मायनसमध्ये" जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या घरात गेली होती. मला माझं जन्मस्थळ दाखवायचं असेल तर अशा ऋण टक्केवारीची वाट बघावी लागते. पाऊस चांगला झाला की तालुका खूश आणि माझा जन्मदाखला बुडीत. आमच्या पिढीतले सगळे तसे परदेशात जन्मलेलेच आहेत. त्या देशात जायला व्हिसा लागत नाही, दुष्काळ लागतो.

आणि यात मोठी गंमत आहे ती धरणग्रस्ताच्या दाखल्याची. धरणग्रस्तपण आमच्याकडं वंशानं येतं. ज्याची जमीन गेली तो आजोबा. दाखला बापाच्या नावानं. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना जो पाच टक्के वाटा आहे त्यात अर्ज करणारा नातू, ज्यानं जुनं गाव पाण्याबाहेर कधी धड बघितलेलंही नाही. तो बुडाला नाही, त्याचं काही बुडालं नाही, पण तो रक्तानं बुडीत आहे. कुणी या दाखल्यावर आक्षेप घेतलेला मला आठवत नाही. बुडण्याचा वारसा चालतो, तर असण्याचा का चालू नये, असं मी एकदा तहसीलच्या बाकावर बसून बोललो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुठल्या योजनेचं म्हणताय?"

मातीचा भरवसा धरावा तर गोव्याकडं बघावं. तिथं गाव पाण्याखाली गेलं नाही, देश बदलला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मडगावातला माणूस आपल्याच ओसरीत, आपल्याच खुर्चीत बसून होता, आणि पोर्तुगाल त्याच्या बुडाखालून निघून गेला. १९६२ साली भारतानं हुकूम काढला, की २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो तिथं जन्मला, किंवा ज्याचे आईबाप, आजी-आजोबा तिथं जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. सरळ, उमदा हुकूम. पण पोर्तुगालच्या बाजूनं धागा तुटला नव्हता. आजोबाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला असेल, तर लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात त्याची नोंद करून नातवाला पोर्तुगालचं नागरिक होता येतं. हजारो गोवेकरांनी तसं केलं, त्यातले पुष्कळ थेट इंग्लंडात पोचले. म्हणजे नातू जन्मला गोव्यात, भारतात, आणि लिस्बनच्या लेखी तो परदेशात जन्मलेला स्वदेशी. आमच्या डब्लिनच्या पोरीचा हा अगदी उलटा भाऊ. एकाच्या खांद्यावर दोन दोन देश ठेवायची सोय भारताच्या कायद्यात नाही, त्यामुळं पुढं वाद झाले, कोर्टकज्जे झाले. आजोबाला मात्र यातलं काही कळलं नाही. तो आपला एकाच घरात दोन देशांत राहून गेला.

खुद्द उजनीच्या पाण्यात हा प्रश्न कसा सुटतो तेही बघण्यासारखं आहे. भिगवणला मासळी खायला येणारा माणूस "इथली स्पेशल" म्हणून चिलापी मागतो. चिलापी मूळची आफ्रिकेची. तिला आणली, ती रुजली, आणि आज ती इतकी इथली झालीय की भीमेतल्या जुन्या माशांची नावं म्हाताऱ्या मच्छीमारांनाच ठाऊक. याच पाण्यात दक्षिण अमेरिकेतला सकर मासाही शिरलाय. तो जाळी फाडतो, खायला कामाचा नाही, त्याला आपलं म्हणायला कुणी तयार नाही. आणि हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी बघायला गर्दी होते, त्यांची पैदास कच्छच्या रणात, पोटपाणी आमच्याकडं. त्यांना आम्ही आमचे रोहित म्हणतो. जे चवीला चांगलं लागतं किंवा फोटोत बरं दिसतं, त्याला आपलं म्हणायला गाव फार वेळ लावत नाही.

तर पुतण्यानं वकिलातीतल्या अर्जाची तयारी सुरू केली. तिकडचा जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला. लग्नाचा दाखला माझ्याकडंच होता, कारण लग्न इंदापूरला लागलं आणि नोंदीसाठी मीच हेलपाटे घातले होते. मग बाळाचा फोटो. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. महिन्याच्या पोरीकडून एवढी शिस्त. डोळे उघडले की तोंड उघडायचं, तोंड मिटलं की झोप लागायची. सूनबाईनं पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढला. त्यात पोरगी अशी काही बघतेय की ग्रामसभेत हिशेब विचारायला उभी राहिलीय.

सहीच्या जागी अंगठा. आमच्या आजीनं आयुष्यभर अंगठा उठवला. सोसायटीच्या कर्जावर, भूसंपादनाच्या कागदावर, सगळीकडं. आईनं पन्नाशीत सही शिकून घेतली, कारण तिला आजीच्या शाईच्या अंगठ्याची लाज वाटायची. आता पाचव्या पिढीतला डब्लिनचा इवलासा अंगठा बघून वहिनी म्हणाली, "आजेसासूबाईंवर गेलीय." आजी असती तर तिनं बहुतेक विचारलं असतं, की पोरीनं एवढ्या लहानपणी कुठलं कर्ज उचललं.

भारतातला पत्ता म्हणून पुतण्यानं लिहिलं, मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे. कुठलं पळसदेव, वरचं की खालचं, असं अर्जात कुणी विचारलं नाही. काही आठवड्यांनी नोंदीचा दाखला आला. वहिनीनं पुन्हा पेढे वाटले. जन्माचे एकदा, नागरिकत्वाचे एकदा. टपरीवर त्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला. एकानं तर पुतण्याला दुसरी मुलगी झाली असं धरून सांत्वनही केलं.

पुढचा प्रश्न अठरा वर्षांनी येणार आहे, पण आमच्याकडं तो लगेच चर्चेला घेतला गेला. पुतण्या तिकडं राहिला, रुळला, उद्या पोरगी तिकडची नागरिक झाली तर? मी कायदा सांगितला. मोठी झाल्यावर तिनं स्वतःहून आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं तर इथलं संपतं. लहानपणीच दोन्हीकडची झाली असेल तर अठरा पुरी झाल्यावर सहा महिन्यांत दुसरीकडचं सोडावं, नाहीतर इथलं जातं. आईबापांनी इथलं नागरिकत्व रीतसर सोडलं तर अजाण पोराचंही सुटतं, पण अठरा झाल्यावर वर्षाच्या आत घोषणा करून ते परत मागता येतं. हे शेवटचं मला आवडलं. बापानं विकलेलं पोराला परत मागायची सोय आमच्या जमिनीच्या कायद्यांत इतक्या सहज नाही.

"आणि ओसीआय काढलं तर?" वहिनीनं विचारलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या कार्डाचा हा शब्द तिनं कुठून उचलला देव जाणे.

"मग येता-जाता येईल, राहता येईल. मत देता येणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही."

"विकत कशाला घेतीय? आपली दीड एकर हाय की."

"वारसानं आली तर चालते."

चुलत भाऊ तिथंच बसला होता. त्याची आणि आमची जमीन बांधाला बांध लागून. इतका वेळ तो या आंतरराष्ट्रीय विषयात तोंड घालत नव्हता, तंबाखू मळत होता. आता त्यानं विचारलं, "म्हंजे पोरगी तिकडची झाली तरी हिचा हिस्सा लागतो?"

"लागतो."

"इथं येऊन ऱ्हायली न्हाय तरी?"

"तरी."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गेला. आठवड्यानं मी रानात गेलो, तेव्हा त्यानं बांध आमच्या बाजूनं वीतभर कोरलेला होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून डब्लिनला पाठवला आणि खाली लिहिलं, पोरीला दाखव, तिच्या वाट्याला आलंय.